घडीच्या बटावरचा टिळा

“कापडामुळेच झालं ना हे, भंगाळे?”

कमांडंट साहेबांनी मला हे तिसऱ्यांदा विचारलं. रायफल माझ्यासमोर टेबलावर आडवी होती. तिच्या मागच्या भागावर रक्त वाळलेलं होतं. मी अजून पिशवीतून स्क्रूड्रायव्हरसुद्धा काढला नव्हता.

“बघतो सर,” मी म्हणालो.

“बघायचं काय त्यात? बटाला कापड गुंडाळायचं नाही अशी माझी स्टँडिंग ऑर्डर आहे. ह्याने गुंडाळलं. बट लॉक झाला नाही. फायर करताना मिटला. लिहून टाका, आणि संध्याकाळच्या गाडीने मद्रासला परत जा.”

पेशंटची नाडी धरायच्या आधी औषध सांगणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे. पण साहेब हे साहेब. मी “यस सर” म्हणालो आणि पिशवी उघडली.

मी आर्मरर. म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. बंदूक चालवणारे वेगळे, आम्ही ती दुरुस्त करणारे. मूळचा जळगावकडचा, पण नोकरीने निम्मा देश हिंडवला. आमच्या दलाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. त्यातल्या एका बटालियनचा कॅम्प तंजावरला होता आणि मी मद्रासच्या वर्कशॉपमध्ये. कुठे हत्याराने दगा दिला की मला बोलावणं यायचं. असं बोलावणं कधीच चांगल्या कामासाठी येत नाही.

झालं होतं ते असं. वल्लमच्या बाजूला तांबड्या मुरमाचा माळ आहे, तिथे बटालियनची फायरिंग रेंज होती. दसरा होऊन आठवडा झाला होता. सेल्वम नावाचा एक कॉन्स्टेबल, बटालियनचा सगळ्यात चांगला नेमबाज, पोटावर झोपून फायर करत होता. सिंगल शॉट नीट गेले. मग ऑर्डर झाली बर्स्टची, म्हणजे घोडा दाबून धरायचा आणि तीन-चार गोळ्या सलग सोडायच्या. पहिल्याच बर्स्टला खांद्याला टेकलेला बट बाजूला मिटला. आधारच गेला. रायफल मागे आली आणि तिचा मागचा लोखंडी कोपरा थेट उजव्या डोळ्यात बसला.

डोळा वाचला नाही. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला.

आता चौकशी बसणार होती. त्यात ‘स्वतःचा हलगर्जीपणा’ असा ठपका आला तर सेल्वमची नोकरी जाणार, आणि जखमेचं पेन्शनही मिळणार नाही. पंचविशीतला पोरगा, एक डोळा गेलेला, बायको सातव्या महिन्यात. ठपका नाही आला तर दलात कुठेतरी हलकी ड्युटी मिळून घर चालणार. सगळं माझ्या टेक्निकल रिपोर्टवर अडलं होतं. आणि रिपोर्टात काय लिहायचं ते साहेबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

वाचकांसाठी थोडं थांबून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रायफलीचा जो भाग खांद्याला टेकतो त्याला आम्ही बट म्हणतो. आमच्याकडे पूर्वी लाकडी बटाच्या लांबलचक रायफली होत्या. मैदानावर झकास. जीपमध्ये मात्र नुसता वैताग. नळी बाहेर काढावी तर झाडाच्या फांदीला अडकते, आत घ्यावी तर शेजारच्याच्या बरगडीत जाते. चालत्या जीपमधून उतरताना बट दारात अडकून माणूस तोंडावर आपटलेला मी स्वतः पाहिलाय. नव्वदीची ती पहिली वर्षं. मोठ्या माणसांच्या जिवाला धोका वाढला होता, त्यामुळे रोज कुणाला ना कुणाला एस्कॉर्ट द्यावा लागे. कावेरीच्या त्या मुलखात रस्ते म्हणजे एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला भाताचं शेत, आणि मधून सायकली, मोपेड, कोंबड्या. जीपमध्ये सहा-सहा माणसं कोंबलेली.

त्याच सुमारास देशात बाहेरचा माल यायला लागला होता. गावोगावी एसटीडीचे बूथ उघडले, टीव्हीवर परदेशी चॅनल आले, आणि आमच्या दलात फोल्डिंग बटाच्या परदेशी रायफली आल्या. त्यात लाकूड नाही. बट म्हणजे लोखंडी नळीचा एक सांगाडा, बिजागरीवर बसवलेला. एक बटण दाबायचं, बट बाजूला मिटतो, आणि रायफल काखोटीला मारून जीपमध्ये बसायचं. उतरताना बट झटक्यात उघडायचा. बिजागरीपाशी एक खटका असतो, तो समोरच्या खोबणीत ‘खट्ट’ करून बसला की बट पक्का. पोरं बेहद्द खूश झाली. कुणाची बरगडी दुखेना की कुणी तोंडावर आपटेना.

पण घडीच्या खाटेची जी गत, तीच हिची. उचलून न्यायला सोपी, झोपायला नाही. लाकडी बटावर गाल टेकवला की उशीसारखा वाटतो. लोखंडी नळीवर टेकवला तर तंजावरच्या उन्हात चटका, पहाटे गारठा, आणि प्रत्येक गोळीला गालाच्या हाडावर टोला. फायरिंग झालं की पोरांचे गाल सुजायचे. मग त्यांनी आपला उपाय काढला. तिकडे प्रत्येकाच्या खांद्यावर पंचा असतो, त्याला ते तुंडु म्हणतात. त्या तुंडूच्या पट्ट्या फाडून नळीला गुंडाळायच्या. साहेबांना ते गबाळं दिसायचं म्हणून त्यांनी ऑर्डर काढली, आणि पोरांनी ती परेडपुरती पाळली. जगातल्या सगळ्या ऑर्डरी अशाच पाळल्या जातात.

तर साहेबांचं म्हणणं, त्या कापडामुळे खटका बसला नाही.

मी रायफल उचलली. कापड होतं, रक्ताने कडक झालेलं. पण ते होतं कुठे? जिथे गाल टेकतो तिथे. बिजागरी तिथून वीतभर पुढे. कापडाचा एक धागासुद्धा खटक्यापर्यंत पोचत नव्हता. मी दुसरी रायफल मागवली, तिला तसंच कापड तसंच गुंडाळलं आणि बट उघडला. खट्ट. मिटला, पुन्हा उघडला. खट्ट. कापड आणखी जाड केलं. तरी खट्ट.

दुसरी रायफल आणून देणारा माणूस शेजारीच उभा होता. हवालदार गोविंदराव. हत्यारं ठेवायच्या खोलीला आम्ही कोत म्हणतो, त्या कोतीचा हा सांभाळणारा. डोक्यावर पांढरे केस, कपाळावर गंध, मिशा एकदम टोकदार. सकाळी माझं नाव ऐकल्या ऐकल्या तो खुलला होता.

“भंगाळे म्हणजे तुम्ही मराठी की हो! मी देखील मराठीच. आमचे वडील-आजे राजांबरोबर येथे आले ते येथेच राहिले.”

त्याचं मराठी म्हणजे मजाच होती. शब्द जुन्या पत्रांतले आणि चाल पक्की तमिळ. वाक्याच्या शेवटी सूर असा वर जायचा की सरळ सांगितलेलं विचारल्यासारखं वाटावं. वाचायला म्हणाल तर देवनागरी येत नव्हती. घरी बोलून बोलून टिकवलेली भाषा. त्याने मला दुपारचं जेवायला घरी यायचं आग्रहाने सांगितलं, बायको उडदाचं डांगर करते म्हणाला. इतक्या दूर डांगराचं नाव ऐकून मला अगदी गहिवरून आलं.

आता तो पाठ फिरवून उभा होता. सेल्वमच्या रायफलीकडे बघतही नव्हता.

मी त्या रायफलीचा बट उघडला. खट्ट नाही. ‘थप’ असा आवाज आला. वरून बघाल तर खटका बसलाय असंच वाटावं. हाताने दाबलं तर बट हललाही नाही. पण जोर देऊन बाजूला रेटला आणि तो मिटला. बिजागरीची पिन काढली आणि खोबण उजेडात धरली.

खोबण निम्मी भरलेली होती. पिवळट, कडक काहीतरी, वरच्या थरात लाल. पेंटरची लांबी वाळल्यावर होते तसं घट्ट. खटका त्यावर येऊन टेकत होता. आत नुसतं टोक गेलेलं, नखभर. सिंगल शॉटला नखभर पुरलं. बर्स्टच्या लागोपाठ धक्क्यांना नाही पुरलं.

मी ते सुईने खरवडून कागदावर घेतलं. त्यावर पाण्याचा थेंब टाकून बोटांनी चोळलं.

सगळ्या खोलीत चंदनाचा वास सुटला.

तेल, बारूद आणि रक्त यांच्या वासात एकदम देवघराचा वास. मी पुष्कळ हत्यारं उघडलीत. गंज बघितला, वाळू बघितली, एकदा तर मधमाश्यांचं मेण. पण हत्यारातून चंदन कधी निघालं नव्हतं.

“गोविंदराव,” मी म्हणालो, “हे काय आहे?”

“पूजेचें,” तो एवढंच म्हणाला आणि स्टुलावर बसला.

खंडेनवमीची शस्त्रपूजा आपल्याकडे होते तशी तिकडेही होते, आयुधपूजा म्हणून, आणि फार मनापासून होते. रिक्षापासून टाइपरायटरपर्यंत सगळ्याला गंध लागतं. कोतीत तर तो वर्षाचा मोठा सण. रायफली धुऊन-पुसून ओळीने मांडायच्या, झेंडूच्या माळा, लिंबं, केळीचे खांब. गोविंदराव आदल्या दिवशी स्वतः चंदन उगाळायचा. त्यात हळद घालून घट्ट करायचा, म्हणजे गंध ओघळत नाही. प्रत्येक रायफलीला चंदनाचा टिळा, वर कुंकू. आणि त्यांची रीत अशी की तो टिळा पुसायचा नाही. आपोआप झडेल तेव्हा झडेल. पूर्वी टिळा बटाच्या लाकडावर लागायचा. लाकडावरच्या टिळ्याने कुणाचं काय बिघडणार? इतकी वर्षं काही बिघडलं नव्हतं.

नव्या रायफलीत लाकूडच नाही. नळीवर टिळा ठरत नाही, घसरतो. सपाट आणि रुंद जागा एकच. बिजागरी.

मी कोतीतल्या सगळ्या रायफली बाहेर काढायला लावल्या. दुपारभर एकेक तपासली. जेवण राहिलं, डांगर राहिलं. प्रत्येक बिजागरीवर टिळ्याची खूण होती, पण बेताची. करंगळीशेजारच्या बोटाने लावलेला गोल ठिपका, खोबणीच्या बाहेर. सराईत हाताचं काम. एकीचाही खटका अडत नव्हता. फक्त सेल्वमच्या रायफलीवर ठिपका नव्हता, थापा होता. अंगठ्याने दाबून बसवलेला, ऐसपैस.

“ही एकच अशी का?” मी विचारलं.

गोविंदराव रायफली पुन्हा ओळीने लावायला लागला. शेजारी उभा असलेला गार्ड मात्र पटकन बोलून गेला. “वो एक नंबर है ना, सर.”

एक नंबरची रायफल सगळ्यात चांगल्या नेमबाजाला देतात. आणि पूजेच्या ओळीत ती पहिली असते. पहिल्या हत्याराला पहिला टिळा कोण लावतं, हे दलात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

गार्डने जीभ चावली. गोविंदरावने त्याला डोळ्यांनीच बाहेर पाठवलं.

संध्याकाळी आम्ही दोघं सरकारी हॉस्पिटलात गेलो. मला तमिळ मोडकं-तोडकं येतं, म्हणून गोविंदराव मध्ये बोलायला. सेल्वम खाटेवर बसलेला होता. अर्धं तोंड पट्टीत. तिरुवैयारुजवळच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, हाताला कुदळीचे घट्टे अजून तसेच. पायाशी त्याची बायको. ती आमच्याकडे बघत नव्हती, दारातून कोण येतं-जातं ते बघत होती.

मी विचारलं, “बट उघडलास तेव्हा आवाज कसा आला?”

त्याने सांगितलं, गोविंदरावने मराठीत आणलं. “म्हणतो, बरोबर आला नाही. मिटून पुन्हा उघडलें. पुन्हा तैसाच. तिसऱ्यांदा बरा वाटला.”

“खोबणीत काय आहे ते दिसलं नाही?”

ह्या वेळी सेल्वम बराच वेळ बोलला. गोविंदराव ऐकत राहिला आणि मग भिंतीकडे बघत बसला.

“काय म्हणाला?”

“म्हणतो, दिसलें. चंदन दिसलें. काडीने काढावें ऐसें मनांत आलें.” तो थांबला. “परंतु साहेबांनी आपल्या हाताने लावलेलें. शेजारी सर्व उभे. कसें खरवडावें, म्हणतो.”

मी कपाळाला हात लावला. कारण हत्यारात दोष दिसला आणि तरी फायर केला, हे वाक्य चौकशीत उच्चारलं की सेल्वम संपला. नियम अगदी साफ आहे. आपलं हत्यार स्वच्छ ठेवणं ही ज्याची त्याची जबाबदारी. हत्यारावर साहेबाने काय लावलं, ह्याबद्दल नियमात एक अक्षर नाही.

“त्याला सांगा, विचारलं तर खरं बोल, पण न विचारलेलं बोलू नकोस,” मी म्हणालो. गोविंदरावने ते सांगितलं की नाही, देव जाणे. त्याने सेल्वमच्या पायावरची चादर सारखी केली आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांसमोर उभा.

“कापड नाही सर. कापड खटक्यापर्यंत पोचतच नाही. मी दुसऱ्या रायफलीवर करून बघितलं.”

“मग काय?”

“खोबणीत चंदन आहे. वाळलेलं.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. चेहऱ्याचा रंग उतरलेला स्पष्ट दिसला. तेलुगू माणूस, दिलदार, जवानांच्या लग्नांना आवर्जून जाणारा. तो काही राक्षस नव्हता. त्या माणसाचा राग यावा आणि कीवही यावी, असं माझं झालं होतं.

“भंगाळे, पूजेचा उल्लेख रिपोर्टात नको.”

“सर, मग खोबणीत काय होतं असं लिहू?”

“डस्ट लिहा. घाण लिहा.”

“घाण लिहिली तर हत्यार साफ केलं नाही म्हणून पोरगा घरी जाईल.”

“आणि चंदन लिहिलं तर?” साहेबांचा आवाज चढला. “उद्या पेपरवाले लिहितील, पूजेने डोळा घेतला! लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मी चांगल्या मनाने केलं हो... म्हणजे, आम्ही सगळ्यांनीच.”

“माहीत आहे सर. पण वास येतोय. मी डस्ट लिहिलं तरी चौकशी अधिकाऱ्यांना नाक आहे.”

“तुम्ही उर्मट आहात.”

“यस सर.”

मी रिपोर्टात चंदन लिहिलं. कापडाचा संबंध नाही, हे लिहिलं. बाकीच्या रायफलींवर बोटाचा ठिपका आहे आणि एक नंबरवर अंगठ्याचा दाबलेला थर आहे, हेही लिहिलं. अंगठा कुणाचा ते लिहिलं नाही, कारण मी पूजेला हजर नव्हतो, आणि न बघितलेलं मी कधी लिहीत नाही.

चौकशी त्याच कॅम्पात झाली, बराकीशेजारच्या लांब खोलीत. बाहेरून आलेले एक वरिष्ठ अधिकारी मध्ये बसलेले. एका बाजूला आमचे साहेब. समोर बाकाच्या कडेवर सेल्वम, पट्टी बांधलेला. मागे दाराशी गोविंदराव, साक्षीसाठी. वर पंखा फिरत होता.

माझा रिपोर्ट वाचून अधिकाऱ्यांनी मान वर केली. “अंगठ्याने दाबलेला थर,” ते सावकाश म्हणाले. मग एकदा साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. कोण, हा एक प्रश्न त्या खोलीत विचारायचा बाकी होता. तो त्यांनी विचारला नाही. मी वाट बघत राहिलो, आणि त्यांनी पान उलटलं.

मग ते सेल्वमकडे वळले. “खटका तपासला होतास?”

“तपासला, सर.”

“नीट बसला होता?”

सेल्वमला खोटं बोलता येत नव्हतं. “नाही, सर. आत चंदन होतं.”

“दिसलं होतं?”

“दिसलं, सर.”

“मग काढलं का नाहीस?”

सेल्वमने तोंड उघडलं. त्याचा तो एकच डोळा साहेबांकडे गेला, आणि खाली वळला. तो काही बोलेना. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. तो बोलेना. आता कारकून लिहिणार की दोष माहीत असताना फायर केला, आणि खेळ खलास.

तेवढ्यात मागून बूट आपटल्याचा आवाज आला. गोविंदराव सावधानमध्ये उभा होता.

“सर, मी मना केलं होतं.” हे तो हिंदीत बोलला, मोठ्याने, परेडवर बोलतात तसं. “कोतीतल्या कुठल्याही हत्याराचा टिळा कुणी पुसायचा नाही, अशी मी सगळ्यांना ताकीद दिली होती. चंदन मी उगाळलं. टिळा बिजागरीवर लावायचा, हेही मीच ठरवलं. सेल्वमने माझा हुकूम पाळला.”

“तुम्हाला हे कळतं का, तुम्ही काय कबूल करताय?”

“कळतं, सर.”

साहेब अजून खिडकीबाहेरच बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक नारळाचं झाड आणि पाण्याची टाकी.

निकाल लागायला फार दिवस गेले नाहीत. सेल्वमवर ठपका नाही, जखम ड्युटीवरची. त्याला मेसच्या स्टोअरमध्ये काम मिळालं. गोविंदरावचे हवालदाराचे पट्टे उतरवले आणि सक्तीने निवृत्त केलं. निवृत्तीला एकच वर्ष राहिलं होतं, आणि हाताखालच्या पोरांनी त्याच्या निरोपाची तयारी आतापासून मनात धरली होती. कसला निरोप आणि कसलं काय. एका सकाळी ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधून तो कॅम्पाच्या गेटमधून बाहेर पडला, आणि गेटवरच्या पहारेकऱ्याला सॅल्यूट करावा की नाही तेच कळेना. साहेबांची यथावकाश बढती झाली.

त्यानंतर काही महिन्यांनी मला पुन्हा तंजावरला काम निघालं. काम आटोपल्यावर मी राजवाड्यामागच्या त्याच्या गल्लीत गेलो. राहिलेलं डांगर खायचं म्हणून गेलो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला एक गोष्ट विचारल्याशिवाय चैन पडत नव्हती.

गोविंदराव ओसरीवर बसला होता. मिशा आता खाली आल्या होत्या. वर्दी नसली की काही माणसं एकदम लहान दिसतात. त्याच्या बायकोने मला जेवायला वाढलं. डांगर खरंच छान होतं, पण ती एक शब्द बोलली नाही. मी तिच्या जागी असतो तर ताट वाढलंच नसतं.

जेवण झाल्यावर मी विचारलं, “गोविंदराव, खरं सांगा. टिळा पुसू नका म्हणून तुम्ही पोरांना कधी ताकीद दिली होती?”

त्याने पानाला चुना लावला.

“साहेबांनी मज पुसलें, गोविंदराव, ह्या रायफलीस लाकूड नाही, टिळा कोठें लावूं?” तो म्हणाला. “मीच बोट दाखविलें. येथें लावावें, सर. ती जागा मी दाखविली हो, भंगाळे. सेल्वमचा डोळा माझ्या बोटाने गेला. मग मी उभें राहूं नये काय?”

“ते झालं. पण ताकीद?”

“ताकीद कशास?” त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कालच भरती झालोय. “साहेबांनी लावलेला टिळा पुसूं नका, हें कोणास सांगावें लागतें काय?”

रागाने माझे कान तापले होते, आणि तो राग कुणावर काढावा ते समजत नव्हतं. मी त्याच्या पायांना हात लावला. तो “अरे अरे, हें काय” म्हणत मागे सरकला.

पुढे दलात ऑर्डर निघाली. शस्त्रपूजेचा टिळा हत्याराला न लावता, हत्यारं ठेवायच्या लाकडी रॅकला लावावा. कारण दिलेलं नव्हतं. फोल्डिंग बटाच्या रायफली राहिल्याच, कारण जीपमध्ये त्यांच्यासारखी सोय नाही, आणि पोरं त्यांना कापड गुंडाळतात तेही राहिलंच.

मी मात्र रिटायर होईपर्यंत एक सवय लावून घेतली. कुठल्याही कोतीत इन्स्पेक्शनला गेलो की आधी एक नंबरची रायफल उघडायचो. सगळ्यात चकचकीत तीच असते, आणि साहेबांनी हात लावलेल्या जागेला दुसऱ्या कुणी हात लावलेला नसतो.